गिलासाखालचा गोल

भाई खुर्चीवर बसायचा नाही. चाळीस वर्षं लोकांच्या खुर्च्या चमकवल्या, पण बूड एकीलाही टेकवलं नाही. कुणी "बसा की" म्हणालं की तो भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचा आणि म्हणायचा, खुर्चीवर बसलं की खुर्ची दिसत न्हाई. लोकांना वाटायचं, हा अदब करून राहिला. अदब-बिदब काही नव्हती. त्याला खरंच खुर्ची बघायची असायची.

मी सुतार. चौथीपर्यंत शाळा, पुढं रंधा. हे लिहायला सुनेनं वही आणून दिली आणि चुका काढायच्या नाहीत असं तिला मी बजावून ठेवलंय. लिहायचं कारण एवढंच, की भाई मागच्या थंडीत गेला आणि त्याच्याबद्दल हिंगोलीत जे बोलतात ते अर्धं खोटं आहे. कुणी म्हणतं त्याच्या हातात जादू होती. जादू नव्हती. जादू असती तर मला इतकं नवल वाटलं नसतं.

आम्ही दोघं जवानीत एकाच फर्निचरच्या दुकानात लागलो. मी जोडायचो, तो पालिश करायचा. मी पलंग उभा केला की तो यायचा, डोळे मिटून सगळ्या सांध्यांवरून बोट फिरवायचा आणि एका जागी थांबायचा. म्हणायचा, "मिस्त्री, इथं तू घाई केली." मी त्याला चार शिव्या द्यायचो. मग तो जेवायला गेला की हळूच तो सांधा बघायचो. बराबर तिथंच फट. दरवेळी. एखाद्या वेळी तरी चुकावा माणूस, तर मला बरं वाटलं असतं.

ईदला सगळे अत्तर लावून गळाभेट घ्यायचे, हा तसाच. अंगाला स्पिरिटचा आणि लाखेचा वास. बायको कुरकुर करायची की एक दिवस तरी माणसासारखा वास येऊ द्या. तो म्हणायचा, नाकाला दुसरी सवय लागली तर धंदा बसंल. नाक त्याचं हत्यार होतं. माझा रंधा, तसं त्याचं नाक.

नाव झालं ते डागांमुळं.

घरात सागवानी टेबल असतो. कुणीतरी पाण्याचा गिलास ठेवतो आणि उचलायचा विसरतो. दुसऱ्या दिवशी पालिशवर पांढरा गोल उठतो आणि घरात भांडण. मग भाईला बोलावणं. तो कापडी थैली घेऊन यायचा. थैलीत चपडा लाख, स्पिरिटची बाटली, जवसाचं तेल, गोवरीची वस्त्रगाळ राख भरलेला डबा आणि जुन्या धोतराच्या मऊ चिंध्या. आल्या आल्या तो थैली सोडायचा नाही. आधी टेबलावर गाल टेकवून, एक डोळा मिटून, खिडकीच्या उजेडाकडं बघायचा. मग डागावर तोंडानं वाफ सोडायचा. मग हुंगायचा. कधी कधी जीभही लावायचा. घरची बाई तोंड फिरवायची.

त्यानं मला पहिल्यांदा समजावलं ते अजून डोक्यात आहे. म्हणाला, "पांढरा डाग म्हंजी पालिशला कळलं, लाकडाला कळलं न्हाई. पाणी वरच्यावर अडकलंय, त्याला बाहेर काढायचं. काळा डाग म्हंजी लाकडाला कळलं." पांढऱ्याला राख आणि जवसाचं तेल, किंवा गरम कापडाचा हलका शेक, आणि शेवटी चिंधीला स्पिरिट लागलं-न लागलं असा एक हात. काळ्याला लिंबू, मीठ आणि धीर. त्यातली पहिली दोन दुकानात मिळतात, असं म्हणायचा.

पण त्याचा एक नियम होता आणि त्या नियमापायी अर्धी गिऱ्हाइकं गेली. ज्यानं गिलास ठेवला त्यानंच घासायचं. शेवटचा हात भाई मारणार, पण पहिला हात डाग पाडणाऱ्याचा. आणि गिलास कुणी ठेवला हे घरच्यांनी सांगायचं नाही. घरचे खोटं सांगतात. ते तो डागाला विचारायचा.

औंढ्याला एक रिटायर झालेले हेडमास्तर होते. त्यांच्या टेबलाला डाग पडला. मी जोडलेलाच टेबल, म्हणून मीही सोबत गेलो. मास्तरांनी आल्या आल्या सांगून टाकलं, सूनबाईचा हलगर्जीपणा, दुसरं काय. सून आतल्या दारात उभी, मान खाली. भाईनं गाल टेकवला, वाफ सोडली, हुंगलं. मग भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "मास्तर, सूनबाई ऱ्हाऊ द्या, चिंधी तुमीच घ्या."

मास्तर म्हणाले, "काय बोलून राहिले तुमी?"

भाईनं बोट दाखवलं. गोल एक नव्हता. एकावर एक चढलेले पाच गोल होते, साखळीसारखे, डावीकडं सरकत गेलेले. तो म्हणाला, आणून ठेवलेला गिलास एकदाच टेकतो. हा पिणाऱ्यानं ठेवलाय. "एक बातमी, एक घोट. एक बातमी, एक घोट. पेपर उजव्या हातात, गिलास डाव्या."

आतून हसू फुटल्याचा आवाज आला आणि लगेच बंद झाला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग चिंधी घेतली. अर्धा तास भाईनं त्यांना पोरासारखं रागावलं. गोल डाग हाय म्हनून गोल घासू नका. लाकूड ज्या बाजूनं वाढलं त्या बाजूनं न्या हात. दाबू नका, फळा पुसून राहिले का तुमी. मास्तर घामाघूम. डाग गेला. मास्तरांनी भाईला पुन्हा कधी बोलावलं नाही. त्यांची सून मात्र दरसाल उन्हाळ्यात पापडांचा डबा पाठवायची.

तालुक्यातल्या सुना भाईला देव मानायच्या. सासरे त्याला टाळायचे.

आणि हा माणूस काही लपवायचा नाही. कुणीही विचारलं की सगळा उतारा सांगून टाकायचा, राख किती वेळा चाळायची इथपासून. मी चिडायचो, की असं सांगून टाकलं तर तुला कोण बोलावंल. तो म्हणायचा, सांगितलं तरी करत न्हाईत, घासायचा कंटाळा. पुढं आमच्या मालकानं दुकानात सनमायका आणला. मालक कौतुकानं म्हणाला, ह्याच्यावर आठ दिवस पाणी ठेवा, डाग पडणार नाही. भाईनं त्यावरून हात फिरवला. म्हणाला, "मंग ह्या घरातली माणसं कशी वळखायची?" थैली उचलली आणि निघाला. पुन्हा त्या दुकानात कामाला गेला नाही. मी गेलो. मला घर होतं. त्यालाही होतं, पण तो गेला नाही.

आता माझ्या घरचं.

सुताराच्या घरात बसायला धड पाट नसतो. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली तरी हिच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं एक लाकूड नव्हतं. एकदा बोलली. एकदाच. म्हणून मी लोकांच्या कामातले उरलेले सागवानी तुकडे जमवून तिच्यासाठी एक लहान टेबल केला. चार पाय चार घरांतले. भाईनं त्याला पालिश केलं, सात दिवस रोज एक हात. मोल विचारलं तर माझ्यावरच तडकला. टेबल असा झाला की त्यात हिचं तोंड दिसायचं. ही त्यावर काही ठेवायचीच नाही. रोज पुसायची आणि बघायची.

भाई आमच्याकडं यायचा तेव्हा पाणी ओंजळीनं प्यायचा. गिलास घ्यायचाच नाही. शेजाऱ्यांनी वेगळाच अर्थ काढला, हा मुसलमान, हे हिंदू, म्हणून. हिला ते लागलं. तिनं तोंडावर विचारलं, की भाईजी, आमच्या घरचा गिलास तुमाला चालत न्हाई का. तो म्हणाला, "भाभी, गिलास घेतला की कुटंतरी ठेवावा लागतो." तेव्हापासून ही त्याच्या ओंजळीत वरून तांब्यानं पाणी सोडायची आणि दोघं हसायचे. कितीही प्यायला तरी ती तांब्या वर उचलायची नाही. तोच मान हलवून बास म्हणायचा.

मग हिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नांदेडला मशीनवर न्यायचो. तिचा टेबल पलंगाशेजारी भिंतीला लावला, औषधांचा डबा त्यावर. डॉक्टर म्हणाले, पाणी मापून द्या. दिवसाला एवढंच, त्यातच चहा, त्यातच वरण. जास्त झालं तर छातीत भरंल. मी सुतार माणूस, मापात माझा हात बसलेला. स्टीलचा एक मोठा गिलास घेतला आणि आतून कानशीनं रेघ मारली. एका वेळी रेघेपर्यंत, दिवसातून चारदा. रेघेच्या वर एक थेंब गेला नाही. मला त्याचा अभिमान होता, खोटं काहून बोलू. नांदेडच्या लोकांना सांगायचो, माझं माप चुकत नाही.

दहा महिने मापलं. डॉक्टर दिवाळी म्हणाले होते, हिनं होळी बघितली. आणि चैत्रात एका दुपारी तिनं पाणी मागितलं. बाहेर ऊन असं की पत्रा वाजत होता. दिवसाचे चार गिलास होऊन गेले होते. मी गिलास तिच्या डोळ्यांपुढं धरला आणि म्हणालो, "संपलं. उद्या." तिनं भिंतीकडं तोंड केलं. मी रिक्षा बघायला दारात गेलो, कारण दम लागून राहिला होता तिला. रिक्षा आली तोवर ती गेली.

हे मी एका भाईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. इथं पहिल्यांदा लिहितो.

आमच्यात रीत अशी, की जिथं जीव गेला तिथं तेरा दिवस दिवा आणि गिलासभर पाणी ठेवायचं. ठेवायचं जमिनीवर. पण पलंग बाहेर काढला होता आणि शिरड शहापुरावरून माझी थोरली बहीण आली होती, आक्का. आक्का म्हणाली, तिची शेवटची नजर ह्या टेबलावर होती, इथंच ठेवा. मी ठेवला. हाताला लागला तो गिलास ठेवला. रेघेचा. चांगल्या पालिशवर तेरा दिवस पाणी, आणि ठेवणारा सुतार. बुद्धी मेली होती माझी.

रोज सकाळी रेघेपर्यंत भरायचो, आणि दुसऱ्या सकाळी पाणी रेघेच्या खाली गेलेलं असायचं. आक्का हात जोडायची. म्हणायची, पिऊन राहिली बाई माझी. चैत्राचं ऊन, वर पत्रा, शेजारी दिवा. पाणी आटणारच. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळून काही उपयोग होत नव्हता. तेराव्याला गिलास उचलला तर खाली पांढरा गोल. आक्कानं तो बघितला आणि जे बोलायचं ते बोलली. "तहानलेली गेली रे. अजून मागून राहिली."

ती मनानं वाईट नाही. तिला माहीतही नव्हतं. पण तिचं बोलणं बराबर सांध्यात शिरलं.

त्या दिवसापासून मीही त्या रेघेनंच पाणी प्यायला लागलो. दिवसाला चार. कुणाला सांगितलं नाही, पण माठ सुनेच्या हातचा, तिला कळलं. पोरगा पुण्याला कंपनीत, घरात आम्ही दोघंच. ती जेवताना ताक पुढं करायची, मी सारायचो. एकदा माठाजवळ भोवळ येऊन बसलो. तिनं धरून उठवलं. भाई तेव्हा वसमतला लेकीकडं होता, बाळंतपण होतं, म्हणून मातीला आला नव्हता. सुनेनं त्याला फोन लावला. काय सांगितलं ते मला नंतर कळलं. एवढंच, की चाचा, टेबलाला डाग पडलाय, या.

भाई आला. मला मिठी मारली, बराच वेळ. मग टेबलापाशी गेला. मी म्हणालो, त्याला हात लावू नको, तो तिचा आहे. आक्काचं बोलणं सांगितलं. मग ती दुपारही सांगितली, कारण भाईपुढं मला थांबता आलं नाही. तो ऐकत होता आणि टेबलावर गाल टेकवत होता. दोन्ही एकाच वेळी.

पांढऱ्या गोलाकडं त्यानं नीट बघितलंसुद्धा नाही. टेबलाच्या मागच्या कोपऱ्यात औषधांचा डबा तसाच पडून होता. तो त्यानं उचलला. डब्याच्या मागं, भिंतीच्या बाजूला, एक लहान काळा गोल होता. मी तो पहिल्यांदा बघितला. भाईनं त्यावर वाफ सोडली. हुंगलं. जीभ लावली. मग तो खाली बसला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आदी सांग. नाव कळलं तर काय करशील?"

"कशाचं नाव?"

"भाभी तहानलेली गेली म्हनतो ना तू? न्हाई गेली."

मला वाटलं, समजूत काढून राहिला. मी म्हणालो, उगी दयेचं बोलू नको. तो उठला आणि माझी मान धरून माझा गाल टेबलावर टेकवला, खिडकीच्या उजेडाकडं. म्हणाला, बघ. हा तुझा गिलास न्हाई, लहान हाय. पितळेचा. कडेला हिरवट दिसतं का? बूड ओलं असायचं, माठात बुडवून भरलेला. रोज एकाच जागी टेकलाय, सरकला न्हाई. म्हंजी कुणीतरी आणून ठेवलेला. सहा-सात महिने तरी. लाकडाला कळलंय. आता हा दुसरा बघ.

काळ्या गोलाच्या अलीकडं, पलंगाच्या बाजूला, अजून एक गोल होता. फिका. नुसती सावली.

"हा कोरडा गिलास. रिकामा. पडल्या पडल्या हात पोचंल तितक्याच ठिकाणी ठेवलाय. ठेवला पाणी घालून, परत आला रिकामा. रोज."

मी ताठ झालो. पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, लाज वाटली तरी. राग आला. दहा महिने मी थेंब थेंब मोजला आणि कुणीतरी माझ्या पाठीमागं माझं माप मोडलं. घरात पितळेचा गिलास एकच आहे. सुनेच्या माहेरचा, रुखवतातला. मला कळलं होतं, तरी मी ओरडलो, "कोन?"

"आज मी नाव घेनार न्हाई," भाई म्हणाला. "लई घेतली. आज न्हाई." थैलीतून दोन चिंध्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसला.

सून आतून आली. ती दारामागंच होती. तिला भाईचा नियम माहीत होता, तो माहीत असूनच तिनं त्याला बोलावलं होतं. हे माझ्या लक्षात यायला मला त्या क्षणी वेळ लागला. तिनं एक चिंधी उचलली.

"मामा, मी ठेवला."

"डॉक्टर न्हाई म्हनले व्हते, तुला म्हाईत नव्हतं?"

"व्हतं म्हाईत."

"मंग काहून?"

"त्या मागत नव्हत्या माझ्याकडं. मागितलं असतं तर मी न्हाई म्हनले असते. त्या नुसत्या माठाकडं बघायच्या." तिनं चिंधी घट्ट धरली. "तुमी दुकानात गेल्यावर अर्धा गिलास. जास्त न्हाई. मामा, मी मारलं का त्यांला?"

भाईनं डोळे उघडले नाहीत. तिथूनच म्हणाला, "मिस्त्री, घाई करू नको."

मी घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. पोरीकडं बघितलं. सहा-सात महिने ती हे एकटीनं घेऊन फिरून राहिली होती, आणि तेराव्यापासून मला रेघेनं पाणी पिताना बघून राहिली होती. मी म्हणालो, "न्हाई. डॉक्टर दिवाळी म्हनले व्हते. दिवाळी जाऊन होळी आली. तू न्हाई मारलं."

मग मी विचारलं. विचारायची भीती वाटत होती. "त्या दुपारी?"

"तुमी रिक्षा बघायला दारात गेले ना, तवा दिला. दोन्ही हातांनी धरला त्यांनी. सगळा पिल्या. पदरानं तोंड पुसलं." तिनं माठाकडं बघितलं. "म्हनल्या, ह्यांना सांगू नको गं. माप चुकलं म्हनलं की जेवत न्हाईत."

मी खाली बसलो. भाईच्या शेजारी, जमिनीवर. किती वेळ ते माहीत नाही. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. लाखेचा वास तेवढा येत होता.

मग म्हणाला, "ऊठ. पांढरा तुझा हाय."

टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सून. मला राख आणि जवसाचं तेल दिलं, तिला लिंबू आणि मीठ. तो जमिनीवरून रागावून राहिला. रेषेरेषेनं. मिस्त्री, लाकूड कोन्या बाजूनं वाढतं हे तुला मी सांगू का. बेटी, लिंबू चोळू नको, मुरू दे. माझा गोल अर्ध्या तासात गेला. तेराव्यापासून ज्याच्या भीतीनं मी जगत होतो तो वरच्यावर होता, पालिशच्या खाली तो पोचलाच नव्हता. काळ्याला दुपार लागली. एका वेळी मी सुनेचा हात धरला आणि म्हणालो, हा राहू दे. हा चांगला डाग आहे. भाई ताडकन उठला. "डाग डाग असतो. माझ्या हाताखालून डाग घेऊन गेलेला टेबल न्हाई. भाभीनं एक दिवस तरी ठेवला असता का? पूस, बेटी." तिनं पुसला. मग त्यानं तेवढ्या जागेवर लाखेचा हात मारला, तो वाळू दिला, परत मारला. उन्हं उतरली तेव्हा टेबलात खिडकी दिसत होती.

निघताना त्यानं ओंजळ पुढं केली. सुनेनं पितळेचा गिलास आणला आणि वरून पाणी सोडलं. तो प्यायला, तोंड पुसलं, आणि मग आमचा तो स्टीलचा गिलास उचलून थैलीत टाकला.

"हा मी नेतो. स्पिरिट मापायला बरा हाय."

मागच्या थंडीत तो गेला. दोन दिवसांचा ताप, बास. मी कबरस्तानात गेलो. माती देऊन झाली की त्यांच्यात कबरीवर पाणी शिंपडतात. त्याच्या पोरानं बादली आणली होती, आणि बादलीत बुडवायला घाईत घरातून जे हाताला लागलं ते. तोच गिलास. बाहेरून-आतून लाखेनं तांबडा झालेला. पोरानं स्वतः शिंपडलं आणि मग गिलास माझ्यापुढं धरला. म्हणाला, चाचा, तुमी पन.

मी आत बोट फिरवलं. रेघ लाखेखाली बुजली होती, दिसत नव्हती. बोटाला लागली. गिलास बादलीत घातला आणि काठोकाठ भरला.